नव्वदवाला येतोय

गुरुजी म्हणजे आमचे हे. आमच्या गावाजवळच्या फैजपूरच्या शाळेत सदतीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे घरातसुद्धा मी त्यांना गुरुजीच म्हणते. गुणपत्रिकेत कुणाचा एक मार्क चुकला तर दोन दिवस जेवण गोड न लागणारा माणूस. अशा माणसाशी संसार केला की आपणही मीठ मोजून घालायला लागतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात त्यांनी गावच्या विहिरी मोजायला घेतल्या. दोरीला वजन बांधायचं, आत सोडायचं, पाणी किती फुटांवर लागलं ते वहीत लिहायचं. दरवर्षी एकशे एकतीस विहिरी. आखाजीला गावच्या लेकी माहेरी येऊन झोके घेत आणि मी डोक्यावर पदर घेऊन केळीच्या बागांतून दोरी धरत फिरे. लोक हसत. हसेनात का, मला ते काम आवडायचं.

पाणी खाली चाललंय हे सगळ्यांनाच दिसत होतं. पण गाव म्हणे, पाऊस कमी झाला, दुसरं काय. गुरुजींचा संशय ट्यूबवेलवर होता. गावानं नव्या ट्यूबवेल थांबवाव्यात आणि सातपुड्याकडून येणाऱ्या नाल्यावर तीन बांध घालावेत, म्हणजे पाणी जमिनीत मुरेल, हा त्यांचा ध्यास. पण नुसतं बोलून कोण ऐकणार? इतक्या वर्षांचे आकडे आणि पावसाची नोंद कॉम्प्युटरवर ताडून पाहायची, पक्कं उत्तर काढायचं आणि मगच सभेत उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी निवृत्तीच्या पैशातला एक भाग बाजूलाही काढून ठेवला.

आणि तिथेच घोडं अडलं.

पुतण्या जीवराम नाशिकला एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होता. एकोणनव्वदला तो म्हणाला, "काका, २८६चा कॉम्प्युटर घेऊ नका, ३८६ स्वस्त होतोय." थांबले. एक्याण्णवला म्हणाला, "३८६ आता जुना झाला, ४८६ बघा." थांबले. पुढे म्हणाला, "पेंटियम येतोय, सहा महिने दम धरा." धरला. पोरगा गुणी, सल्ला मनापासून द्यायचा आणि दर वेळी त्याचं खरंही ठरायचं. गुरुजींना पटायचं, कारण अर्धवट यंत्रावर काढलेलं उत्तर म्हणजे त्यांच्या मते अर्धवट उत्तर.

चौऱ्याण्णवच्या होळीला जीवराम घरी आला. मी खापरावर मांडे टाकत होते आणि तो कॉम्प्युटरचं मासिक उघडून काकांना समजावत होता.

"पेंटियम आलाय, पण हा साठवाला घेऊ नका काका. नव्वदवाला येतोय. वेग दीडपट! दिवाळीपर्यंत भावही उतरतील."

"आणि ४८६?" गुरुजींनी विचारलं.

"चालेल तसा. पण दोन वर्षांत हळहळाल."

गुरुजी मान डोलवायला लागले. ती मान मी पाच वर्षं पाहत होते. माझं डोकंच फिरलं.

"जीवराम, तुझा नव्वदवाला आला की त्याच्या मागून कोण येणार आहे?"

"येणारच ना काकू, दर वर्षी नवा येतो."

"मग कधी घ्यायचं? तुझ्या बापानं केळीचा घड झाडावर पिवळा होईपर्यंत ठेवला असता तर दिल्लीला काय साली पाठवल्या असत्या? घड कच्चाच कापावा लागतो, बाबा."

"काकू, केळी वेगळी आणि प्रोसेसर वेगळा."

"वेगळा कसा? एक सांग. एकशे एकतीस विहिरी, बावीस वर्षं. एवढे आकडे तुझ्या ४८६ला झेपतील का नाही?"

जीवरामनं मनात हिशेब केला आणि जरा ओशाळून म्हणाला, "झेपतील. खरं म्हणजे २८६लाही झेपले असते."

गुरुजींनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. मांडा मात्र माझा करपला.

धुळवड झाल्यावर पहिल्या एसटीनं मी जळगावला गेले. खात्यावर माझीही सही चालते. नवी पेठेतल्या दुकानदारानं विचारलं, "साहेब नाही आले?" म्हटलं, "साहेब विचार करतायत. तुम्ही ४८६ द्या, छपाईचं यंत्र द्या आणि व्होल्टेजचा स्टॅबिलायझर द्या, आमच्याकडे वीज नवरीसारखी लाजत येते." गुरुजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चप्पल दाराबाहेर काढून, हात धुऊन, यंत्रासमोर बसले.

मी वहीतून आकडे वाचायचे, ते दोन बोटांनी टाइप करायचे. वीज गेली की थांबायचं, आली की शेवटची विहीर पुन्हा तपासायची. आखाजीला त्या वर्षीची मोजणी झाली, तेही आकडे भरले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर दोन रेघा उमटल्या. एक पावसाची, एक पाण्याची.

आधीची सोळा वर्षं दोन्ही रेघा सोबत चालत होत्या. पाऊस पडला की पाणी वर, पाऊस हुकला की खाली. अठ्ठ्याऐंशीला पाऊस झकास झाला होता, आणि एकोणनव्वदच्या आखाजीला पाणी वर आलंच नव्हतं. तिथून पुढे पाऊस कसाही पडो, पाणी खालीच. पाच वर्षांत पंचेचाळीस फूट.

गुरुजींनी पडद्यावर एकोणनव्वदच्या जागी बोट ठेवलं. मग म्हणाले, "हे मला त्याच वर्षी कागदावर काढता आलं असतं. दोन महिन्यांचं काम. मी गणिताचा मास्तर आहे."

"आलं असतं," मी म्हणाले. खोटी समजूत मला घालता येत नाही. त्यांची दया आली, रागही आला, आणि मीही पाच वर्षं गप्प बसले म्हणून माझा स्वतःचाही राग आला.

"सभेत कुणी विचारलं तर?"

"सांगेन," गुरुजी म्हणाले.

तीन दिवसांनी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सभा भरली. कागद जोडून जोडून सात फुटांचा झाला होता, तो भिंतीवर लावला. गुरुजींनी रेघा समजावल्या, त्याच वर्षांत ट्यूबवेल एकतीसच्या चौऱ्याऐंशी झाल्या तेही दाखवलं. गावातले मोठे बागायतदार लीलाधर नाना पुढे येऊन कागदावर बोट फिरवत राहिले. त्या चौऱ्याऐंशीतल्या सहा त्यांच्या. त्यांचं बोट एकोणनव्वदवर थांबलं.

"गुरुजी, आकडे खरे हायेत, मी नाही म्हनत नाही. पन इथीच जर समजत होतं, तर तव्हाच काहून नाही सांगितलं आमाले?"

चाळीस वर्षांत या माणसाला गावात कुणी चूक म्हटलं नव्हतं.

"मी चांगल्या यंत्राची वाट पाहत होतो, नाना," गुरुजी म्हणाले. "पाच वर्षं पाहिली. यंत्राशिवायही जमलं असतं. ही चूक माझी. या पंचेचाळीस फुटांत माझाही वाटा आहे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. नाना हसले नाहीत.

"बरं, झालं ते झालं," ते म्हणाले. "ट्यूबवेल थांबवू. बांधाचंही करू. पन दिवायीनंतर सरकारची नवी योजना येऊन राह्यली, मोठं मशीन येईन, पक्के शिमिटाचे बांध होतीन. आता दगडमातीचं कच्चं काम कशाले? चार-सहा महिने थांबू."

सगळ्यांना ते पटलं. माना डोलायला लागल्या. मी त्या माना ओळखल्या आणि गुरुजींकडे पाहिलं.

गुरुजी ताडकन उभे राहिले. "नाही," ते म्हणाले, आणि आवाज वर्गातला होता. "योजना येऊ द्या, पक्के बांध तेव्हा घाला. पण या पावसाळ्याचं पाणी तुमच्या योजनेसाठी थांबणार नाही. उद्या सकाळी सहाला मी नाल्यावर आहे. यायचं त्यानं यावं."

"एकटे काय करशान गुरुजी, बासष्ट वर्षांचे तुम्ही?" कुणीतरी म्हणालं.

"एकटे नाहीत," मी म्हणाले. बायकांनी सभेत बोलायची आमच्याकडे रीत नाही, पण रीत पाळायला मला सवड नव्हती.

सकाळी सहाला आम्ही दोघंच होतो. गुरुजी पहार घेऊन, मी घमेलं घेऊन. साडेसहाला गावातले दोघं भाऊ आले, सातला शेजारची भागाबाई आपल्या सुनेला घेऊन आली. आठच्या सुमाराला लीलाधर नाना ट्रॅक्टर घेऊन आले, कुणाशी न बोलता ट्रॉलीतले दगड उतरवायला लागले. दिवसाअखेर मी मोजलं, अकरा माणसं. गाव साडेतीन हजारांचं.

अकरा माणसांच्यानं तीन बांध होत नाहीत, एक होतो. तो आम्ही मृगाच्या दोन दिवस आधी पुरा केला.