दोन्ही बाजूंनी फळा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. सागाचा वगैरे नव्हे हं, खोक्याच्या फळ्या ठोकून बनवलेला. कांजूरमार्गच्या वस्तीत दत्तारामच्या खोलीला मला बसवलं. पण माझी बिजागरी कधी कुरकुरली नाही, हे आधीच सांगून ठेवतो!

ब्याऐंशी साली संप झाला, गिरणी बंद पडली आणि दत्ताराम घरी बसला. त्याची बायको मालन सातवी पास. तिने दुपारी बायकांसाठी फुकट वर्ग काढला. वस्तीतल्या बायकांना अक्षरओळख नव्हती. शेवंतीने तर खोकल्याचं औषध समजून पोरीला कानात घालायचे थेंब पाजले होते. पोर वाचली, पण तेव्हापासून शेवंतीने ध्यासच घेतला, बाटलीवरचं वाचता आलंच पाहिजे.

फळा कुठून आणणार? मालनने बॅटरीचे जुने सेल फोडले, आतली काळी पूड खळीत कालवली आणि माझी आतली बाजू रंगवली. काय सांगू, छाती अशी फुगली माझी!

पंचाईत एकच. मी लावलेला असलो तरच धडा दिसायचा. शेवंती मुलुंडला चार घरची भांडी घासून धावतपळत यायची, मला ढकलायची, की धडा गेला भिंतीकडे!

“आली बघा महाराणी!” बायका करवादायच्या.

एक दिवस ती उंबऱ्यातच थांबली. “वयनी, माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा होतो. उद्यापासून मी नाय येणार.”

दुसऱ्या दिवशी मालनने माझी बाहेरची बाजूही काळी केली. मग रोज वर्गाआधी तोच धडा बाहेर लिहायची. शेवंती यायची, पायरीवर बसून पाटीवर गिरवायची. ह्या वयात वर्गात बसायला लाजणारी सुंदराबाईसुद्धा हंडा कमरेवर घेऊन तिच्यामागे उभी राहायची आणि हळूच वाचायची. धन्य त्या मालनची!

पुढे दत्तारामला वॉचमनची नोकरी लागली. पहिल्या पगारात त्याने नवा कोरा दरवाजा आणला. मालन रेशनच्या रांगेत होती. त्याने मला काढून भिंतीला टेकवलं आणि बंबाला जळण होईल म्हणून कुऱ्हाड आणायला गेला. संपलंच आपलं, म्हटलं.

त्या दिवशी मात्र शेवंती वेळेआधी आली, पहिल्यांदाच! दत्ताराम मला फोडायला शेजारी कुऱ्हाड मागत होता, ते तिने येतानाच ऐकलं होतं. तिने उंबऱ्यावरचा खडू उचलला. सांगायला कोणी नव्हतं, गिरवायला काही नव्हतं.

दत्ताराम आला आणि मोठ्याने वाचू लागला, “दरवाजा फोडू नका. शेवंती.” मग म्हणाला, “कोणी लिवून दिलं गो?”

“मीच लिवलं,” शेवंती म्हणाली आणि रडायलाच लागली. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

आता मी आत भिंतीला टेकून उभा असतो. मध्येच कोणी ढकलत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगणार होतो. पण ते शेवंतीने माझ्यावर लिहूनच ठेवलंय. रोज धडा पुसताना मालन तेवढी ओळ पुसत नाही.