आगाऊ कळवून केलेली तपासणी

सरकारी तपासणी कशी करावी हे यवतमाळच्या कचेरीत दीनानाथराव राजूरकरांइतकं कुणाला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ती कशी निभवावी हेही. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दोन्ही कामं सारख्याच निष्ठेनं केली होती. वरचा साहेब येणार म्हटलं की आठ दिवस आधी भिंतींना चुना, फायलींना नवे बंद, शिपायाच्या पट्ट्याला पॉलिश. साहेब जीपमध्ये बसला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. १९५८ साली, अवल कारकून असताना, दारव्ह्याजवळच्या शांतिकुटी नावाच्या वृद्धगृहाची वार्षिक तपासणी त्यांच्याकडे आली. त्यांनी रीतसर पंधरा दिवस आगाऊ सूचना धाडली. सूचनेशिवाय तपासणी म्हणजे त्यांना मुंडावळ्यांशिवाय लग्नासारखं वाटे. सूचनेसोबत नियमांची प्रत लावली आणि महत्त्वाच्या कलमांखाली तांबड्या पेन्सिलीनं रेघा ओढल्या. जिल्हा मुंबई राज्यात गेल्यापासून नमुने लांबले होते. या नमुन्यात बेचाळीस प्रश्न होते.

या खेपेला मात्र त्यांच्या मनात त्रेचाळिसावा प्रश्न होता, आणि तो कचेरीत कुणालाच माहीत नव्हता. आपल्या अक्काला तिथं ठेवावं की नाही?

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण रत्नप्रभा. चौदाव्या वर्षी नवरा गेला, वर्षभराचा संसार आटोपून ती माहेरी आली, आणि पुढच्याच साली आई गेली. तीन वर्षांच्या दीनानाथाला तिनंच भरवलं, शाळेत घातलं, मॅट्रिक केलं. त्याचं लग्नही तिनंच जुळवलं. आता ती सहासष्ट वर्षांची होती आणि दोन वर्षांपासून तिची आठवण उलटी चालली होती. आधी कालचं विसरली, मग दहा वर्षांपूर्वीचं. हल्ली तर ती पुन्हा चौदा वर्षांची झाली होती आणि भावाला सासरा समजू लागली होती. दीनानाथराव घरात आले की ती डोक्यावरून पदर ओढून दाराआड उभी राही. ते घरात असेपर्यंत बसत नसे. 'अक्का, अगं मी दीनू' असं त्यांनी म्हटलं की थरथर कापे.

'मी थकले असं नाही म्हणत मी,' त्यांची बायको शुभदा एकदा म्हणाली, 'पण वन्सं आपल्या घरात सासुरवास काढताहेत हो. ते बघवत नाही.'

'लोक काय म्हणतील? ब्राह्मणाची विधवा बाई, परक्याच्या हातचं खाणार?'

'सोवळंओवळं त्या केव्हाच विसरल्या. तुम्हालाच आठवतं.'

यावर दीनानाथरावांनी विषय बदलला. पण शांतिकुटीचा कागद टेबलावर आला तेव्हा तो दुसऱ्या कारकुनाकडे न सरकवता त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतला.

ठरल्या दिवशी ते एस.टी.नं दारव्ह्याला उतरले. शांतिकुटीचा व्यवस्थापक डोमाजी फाटकातच हार घेऊन उभा होता. आत भिंतींचा चुना इतका ताजा होता की दीनानाथरावांच्या कोटाची बाही पांढरी झाली. पाण्याचे रांजण घासलेले, खाटांवर एकसारख्या चादरी, बायकांच्या दालनात एकवीस म्हाताऱ्या अन् पुरुषांच्या दालनात सतरा म्हातारे, बहुतेक सगळे तेल लावून, भांग पाडून बसलेले. वरातीला निघाल्यासारखे ते एकाच दिशेला बघत होते.

'काही तक्रार?' दीनानाथरावांनी विचारलं.

'काई नाई साहेब, लय बरं हाय,' दोन्ही दालनांतून एकच उत्तर आलं.

हे उत्तर ऐकून दीनानाथरावांना आपली कचेरी आठवली. पण ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी एका म्हातारीच्या खाटेशी वाकून तिच्या पायांवरची चादर जरा वर केली आणि टाच अंगठ्यानं दाबून पाहिली. मग दुसरीची, मग तिसरीची. डोमाजी बुचकळ्यात पडला. नमुन्यात टाचांचा प्रश्न नव्हता. पण पंधरा दिवसांत भिंत पांढरी होते, भेगाळलेली टाच मऊ होत नाही, एवढं दीनानाथरावांना कळत होतं. त्या सगळ्या टाचा मऊ होत्या.

'पायांना काय लावता?'

'जवसाचं तेल, साहेब,' मागून उत्तर आलं. पन्नाशीची, काळीसावळी, लुगड्याचा ओचा खोचलेली एक बाई दारात उभी होती. ती शकुबाई, बायकांच्या दालनाची मदतनीस. 'दर आईतवारी गरम पान्यात पाय घालून बसवतो साऱ्यायले. बसल्या बसल्या भांडतेत, तेवढाच टाईम जाते.'

दीनानाथरावांना मनापासून बरं वाटलं. गेल्या दोन वर्षांत असं मोकळं त्यांना वाटलं नव्हतं. अक्काच्या टाचा कशा आहेत हे आपल्याला माहीत नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, पण ते त्यांनी बाजूला सारलं. एकेका प्रश्नापुढे 'होय' लिहीत ते चौदाव्यावर आले: राहणाऱ्यांचे दागिने कार्यालयात जमा करून पावती दिली जाते काय?

'देतो ना साहेब,' डोमाजीनं अभिमानानं पावतीपुस्तक उघडलं. 'तुमी त लाल रेघच मारली होती. परवाच सारं जमा केलं. हे पाहा, हंसाबाई हरिसिंग, हस्तिदंती चुडा, दोन्ही दंडांचा. अंगठा घेतला हाय.'

दीनानाथरावांनी समाधानानं 'होय' लिहिलं. अक्षरही चांगलं आलं.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची बाई, आरसे लावलेली ओढणी डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढलेली. ते टाच पाहायला वाकले तशी तिनं पाय पोटाशी घेतले.

'हिची तब्येत?'

'नरम हाय जराशी,' डोमाजी घाईनं म्हणाला. 'चला साहेब, आता सैपाकघर पाहू.'

'नरम नाही,' शकुबाई म्हणाली. 'परवापासून पान्याचा घोट नाई घेतला तिनं.'

'शकुबाई, तू जाय तिकडं.'

'मी जातो, पन साहेबाले कळू द्या. इचारू द्या त्यायले तिले, काहून खात नाई म्हून.'

दीनानाथरावांनी विचारलं. ओढणीखालून एकच शब्द आला, 'कोनी.'

'कोनी म्हंजे नाई. दोन दिसापासून येवढंच बोलते,' शकुबाई म्हणाली, आणि मग तिनं सगळं सांगितलं. तांड्याच्या बाईच्या दंडावरचा, कोपराच्या वरचा चुडा लग्नात चढतो आणि नवरा गेल्यावरच उतरतो. हंसाबाईचा चुडा पन्नास वर्षं उतरला नव्हता. तिचा नवरा हरिसिंग भिंतीच्या पलीकडे, पुरुषांच्या दालनात होता. दोघांचे दोन्ही मुलगे एकाच साली पटकीत गेले म्हणून तांड्याच्या नायकानं दोघांना इथं आणून सोडलं होतं. परवा डोमाजीनं साबण लावून चुडा उतरवला. दंड वाळलेले, चुडा सहज सुटला. तेव्हापासून हंसाबाईनं एकच अर्थ लावला होता: म्हातारा मेला, आणि हे लोक आपल्यापासून लपवताहेत.

'तिला सांगितलं नाही, तो जिवंत आहे म्हणून?'

'सांगतलं ना. इस्वास कायले ठेवीन? चुडा उतरला तिचा. तो मानूस तपासनीसाठी न्हाऊ घालून तिकडच्या दालनात बसवला, दोन दिस इकडं येऊ देला नाई. बायामानसं येगयेगळी दिसली पायजेत, त्याच्या खाली बी लाल रेघ हाय म्हने.'

होती. कलम सतरा. दीनानाथरावांनीच ओढली होती.

त्यांना फार लाज वाटली. चूक डोमाजीची नव्हती. त्या बापड्यानं कागद वाचून कागदासारखं केलं होतं, आणि दीनानाथरावांनीही तेच केलं असतं. शांतिकुटीत या वर्षी एका बाईचे जे हाल झाले होते ते तपासणीनं केले होते.

'चुडा परत द्या,' ते म्हणाले.

डोमाजी चुळबुळला. 'साहेब, नियम...'

'मी सांगतो आहे ना.'

'लेखी देता काय साहेब? नाईतर पुढच्या साली दुसरे साहेब येतीन, ते माह्या अंगावर टाकतीन.'

कचेरीचा माणूस कचेरीच्या माणसाला बरोबर ओळखतो. दीनानाथरावांनी खाटेच्या कडेला बसून लेखी दिलं, सही केली, तारीख घातली. तोपर्यंत शकुबाई भिंतीपलीकडून हरिसिंगाला हाताला धरून घेऊन आली. म्हातारा उंच होता, डोळ्यांनी अधू. तो खाटेपाशी उभा राहिला. चारचौघांत बायकोला नावानं हाक मारायची त्याची रीत नव्हती, म्हणून तो नुसता खोकला, घसा खाकरून, शेतावरून घरी आल्याची वर्दी द्यावी तसा.

ओढणी हलली. हंसाबाई उठून बसली आणि तिनं त्याच्याकडे इतका वेळ बघितलं की दीनानाथरावांनीच नजर खाली घातली. मग ती आपल्या बोलीत भडाभडा त्याला बोलू लागली. शब्द कळत नव्हते, पण ती त्याला झाडत होती हे दालनातल्या बाकीच्या वीसही जणींना कळलं, आणि दोघी-तिघी हसल्याही. शकुबाईनं तेल लावून एक एक बांगडी वर चढवली. हंसाबाईनं आधी अर्धी भाकर नवऱ्याला खायला लावली, मग आपण खाल्ली.

दीनानाथरावांनी नमुना पुरा केला नाही. शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं की कलम चौदा आणि सतरा या संस्थेस लागू करू नयेत, आणि यापुढची तपासणी आगाऊ न कळवता व्हावी. एस.टी.ची वाट बघताना त्यांनी शकुबाईला गाठलं. त्यांना विचारायचं होतं ते बेचाळिसांत कुठंच नव्हतं.

'माझी बहीण आहे थोरली. तिला माणूस ओळखू येत नाही. मला बघून भिते. घरी माझी बायको तिचं सगळं करते, पण मी घरात असलो की ती बसत नाही. तिला इथं आणलं, तर तुम्ही बघाल?'

'पाहीन ना. पन साहेब, मानूस तुमचं हाय. तुमाले सोडवते काय?'

'नाही,' दीनानाथराव म्हणाले. एवढं खरं ते बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते.

पुढच्या सोमवारी अक्का शांतिकुटीत आली. गल्लीत व्हायची ती कुजबुज झाली. कचेरीतला एक जण म्हणाला, आईसारखी बहीण, अन् आश्रमात टाकली. दीनानाथरावांनी ऐकून घेतलं, कारण रात्री जेवताना तेही स्वतःला हेच म्हणत. घरात आता ते कुठंही बसले तरी दाराआड कुणी उभं राहत नव्हतं, आणि त्यांना घास गिळवत नव्हता. आपण अक्काची सोय केली की आपली, हे त्यांना ठरवता येईना.

महिन्यानं एका रविवारी ते कुणाला न कळवता दारव्ह्याला उतरले. शांतिकुटीच्या भिंतीचा चुना पोपडे धरून गळत होता. अंगणात कुणाची तरी शेळी शिरली होती. डोमाजी बाकावर घोरत होता. बायकांच्या ओसरीवर दोन म्हाताऱ्या पाय लांब पसरून सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होत्या. एक हंसाबाई; ती आपल्या बोलीत काहीतरी सांगत होती. दुसरी मराठीतून तिला भलतंच उत्तर देत होती. दोघींचं छान चाललं होतं.

दुसरी अक्का होती. दीनानाथराव समोर उभे राहिले तरी ती उठली नाही. पदर सारखा केला नाही. वर्षा-दीड वर्षात पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

'कुठले पाहुणे?'

'यवतमाळचा मी.'

'बसा की मग,' ती म्हणाली. ते ओसरीच्या कडेला बसले. अक्कानं एक खडा वेचून बाहेर टाकला. 'यवतमाळला आमचा दीनू असतो. आई नाही त्याला. मी इथं कामात अडकले. जेवला असेल का हो तो?'

शकुबाई दाराशी आली होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, 'रोज सांजच्याला हेच इचारतेत. मी सांगतो, जेवला, निजला. मंग जेवतेत पोटभर.'

एकदा खोटं बोलल्याबद्दल त्यांनी एका पटवाऱ्याला नोकरीवरून काढायला लावलं होतं. पण यात खोटं ते काय होतं?

'जेवला,' दीनानाथराव म्हणाले. 'वरण-भात जेवला. वर तूप.'

'हट्ट नाही ना केला?'

'नाही.'

चोपन्न वर्षांचा तो माणूस रडू लागला. अक्कानं सूप बाजूला ठेवलं आणि परक्या पाहुण्याच्या पाठीवर न लाजता हात फिरवला.

'रडू नका असं. मी आहे ना. मी त्याला काही कमी पडू देणार नाही.'

'नाही पडलं,' दीनानाथराव म्हणाले. 'काही कमी नाही पडलं.'