गणपतीमागचे बल्ब

आमची गाडी रात्री धडधाकट झोपायची आणि सकाळी मेलेली सापडायची. किल्ली फिरवली की नुसतं टक्. रोज नाही, पण नेमकी मला घाई असेल तेव्हा. बरं, बॅटरी नवीकोरी.

बुऱ्हाणपूरहून देडतलाईची माझी शाळा लांब, आणि वेळेवर पोचवेल अशी बस नाही. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता एकदा जरी उशीर झाला तर तुमच्या जागी दुसऱ्या बाई घेऊ. स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली नोकरी अशी बॅटरीपायी जाणार, या विचारानं माझं डोकं तडकायचं.

माझा संशय सासूबाईंवर होता. रंभाबाई चांदनी गावच्या, शेतकरी घरातल्या. सुनेनं एकटीनं गाडी हाकत जावं हे त्यांना कधी पटलं नाही. रोज दिवेलागणीला त्या गाडीत जाऊन बसायच्या, डॅशबोर्डवरच्या गणपतीला हळदकुंकू वाहायला. हळदकुंकवाला इतका वेळ लागतो? मी खिडकीतून नजर ठेवायचे. त्या उतरल्या की दारं तपासायचे, छताचा दिवा बघायचे. काही सापडायचं नाही, म्हणून संशय आणखी वाढायचा. म्हातारी पक्की आहे, असं मी मनात म्हणायचे.

नवरा मात्र शांत. धर्मेंद्र मागून जाऊन गाडीवर कव्हर घालायचा, सकाळी शेजारच्या चेतनभाऊंच्या गाडीला वायर जोडून आमची चालू करून द्यायचा. वर हळूच म्हणायचा, किती ओढाताण करशील, नोकरी सोडून दे ना. देवमाणूस, असं मला वाटायचं.

एका रविवारी तो पहाटेच दुकानाच्या मालासाठी खंडव्याला गेला. गाडी मेलेलीच होती. मी चेतनभाऊंकडून चालू करून घेतली आणि थेट बुऱ्हाणपुरातल्याच लालबागला कौतिक इलेक्ट्रिशियनकडे नेली.

किल्ली माझ्या हातात, गाडी बंद, तरी त्याच्या मीटरवर करंट वाहत होता. त्यानं एकेक फ्यूज काढून पाहिला. करंट कमी होईना. तेव्हा तो बॅटरीपासून वायरींवरून हात फिरवत निघाला. फ्यूजला वळसा घालून एक वायर आत आली होती, चटईखालून ड्रायव्हरच्या सीटखाली. तिथं एक बारकं बटण. तिथून वायर गणपतीमागच्या शोभेच्या बल्बांना. हे बल्ब गाडी चालू असतानाच लागतात, असं आम्ही समजत होतो. कौतिकनं काचेवर पोतं टाकून ऊन अडवलं तेव्हा दिसलं, ते जळत होते. रात्रभर कव्हराखाली जळले तर कुणाला दिसणार?

त्यानं बटण दाबलं. बल्ब विझले, मीटर खाली आलं.

“मॅडम, ये फॉल्ट नाई,” तो म्हणाला. “हे कोणीतरी मुद्दाम बसवेल हाय.”

मी तणतणत घरी आले. सासूबाई गहू निवडत होत्या. देवाच्या नावावर माझी नोकरी घालवायला निघालात का, असं तोंडावर विचारलं. सीटखालच्या बटणाचं सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातले गहू खाली ठेवले.

“मले त्या गाडीचा काच बी खाली करता येत नाई,” त्या म्हणाल्या. “मी तं गणपतीले सांगत बसते, पोरीले सुखरूप आण.”

मला त्यांचं खरं वाटलं नाही. इतके दिवस जोपासलेला संशय असा एका वाक्यात जातो का! दिवसभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

संध्याकाळी धर्मेंद्र आला. मी पाणी दिलं आणि एवढंच म्हटलं, की कौतिककडे नेली होती, फॉल्ट सापडला. त्यानं पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला.

“मग ते बटण काढलं का त्यानं?”

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, पिठाच्या हातांनी.

“धर्मा, बटणाचं तुले कोणी सांगलं?”

तो आईकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. पंखा लावायला उठला, तो आधीच चालू होता. ज्याला देवमाणूस म्हणत होते, त्याच्या शेजारी आज झोपायचं होतं.

सासूबाईंनी त्याच्या उत्तराची वाट पाहिली नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “सकायी किती वाजता निघनं हाय? डबा मी करते.”