गाळ्यांच्या बोळात अडलेला रोलर

मैदानाकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी मी अडलो होतो. एका कुशीला प्रेक्षकांच्या पायऱ्यांची भिंत, दुसऱ्या कुशीला बुटांच्या दुकानाची काच. माझा दांडा धरून उभा असलेला माळी काचेकडे पाहत होता. काचेमागे उभी असलेली त्याची लेक माझ्याकडे.

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी रोलर आहे. भट्टीतून निघालो तेव्हा लालबुंद होतो. निवलो, तेव्हा वाटले की आता विसावा. पण माझा धर्म फिरण्याचा. कोरड्या मातीला मी निरुपयोगी, चिखलाला वैरी. म्हणून ओल अर्धी सुकली की माळी मला खेळपट्टीवर घेऊन जाई. चेंडू सरळ उसळला की लोक फलंदाजासाठी टाळ्या वाजवत. कधी एखादा कर्णधार जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारी. ती मला बरेच दिवस पुरे.

मग पायऱ्यांखाली गाळे निघाले. औषधांचे दुकान, व्यायामशाळा, कॉफी. सामना नसलेल्या दिवशीचे ओसाडपण सरले, हे मी नाकारणार नाही. माळ्याच्या लेकीलाही एक गाळा मिळाला. पण आत कोपऱ्यात गिऱ्हाईक वळेना. मी तेव्हा माझा झिजलेला आस बदलायला कारखान्यात होतो. माळीच तिला म्हणाला, "काच हातभर पुढं घे, बाळ. रस्त्यावरून दिसायला नको का?" काच पुढे आली, गिऱ्हाईकही आले. वर्षानुवर्षे मला याच बोळातून ओढणारा तो माणूस लेकीच्या काळजीत माझी रुंदी विसरला.

आज मी परतलो, तो असा अडकलो.

"दुसऱ्या दारानं न्या की," मैदानाचे व्यवस्थापक माळ्याला म्हणाले.

"बाकी सगळ्या दारांना पायऱ्या आहेत, साहेब. वरून उचलावा, तर तुमचं नवं छप्पर आड येतं."

"मग राहू दे इथंच. कुंड्या ठेवू वर, लोक फोटो काढतील."

"गोल आहे तो. कुंड्या फोटोआधीच खाली येतील."

व्यवस्थापक हसले नाहीत. परवा मैदानाची पाहणी होती. मैदान नापास ठरले तर सामने दुसरीकडे जाणार होते. आत माझ्यावाचून खेळपट्टीची माती फुगली होती. काल सरावात चेंडू अवचित उसळला आणि एका मुलीच्या हनुवटीला टाके पडले. ते ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही. माझे सारे वजन माझ्यातच घुमते आहे.

मित्रांनो, खेळ आणि बाजार एका छपराखाली खुशाल नांदवा. फक्त भिंती आखण्यापूर्वी, त्या वाटेने रोज कोण जाते ते एकदा आठवा. विसर कधी कधी मायेतूनही पडतो, आणि तो दुरुस्त करणे फार जड जाते.

व्यवस्थापक गेले. लेक बाहेर आली.

"काच मागं घेतली तर पुन्हा तेच, बाबा. दिवसभर मी आणि बुटांचे खोके."

तिने काचेवर हात ठेवला.

"तुम्ही म्हणाला होतात, म्हणून पुढं घेतली. आता तुम्हीच सांगा. घेऊ मागं?"

त्याने माझा दांडा जमिनीवर अलगद टेकवला, तळहात पँटला पुसले आणि माझ्याकडे किंवा तिच्याकडे न पाहता तो गाळ्यांसमोरच्या गर्दीत चालत गेला; काच होती तिथेच राहिली, आणि मीही.