मधली चित्रं

धाकट्या भावाच्या नातवाच्या बारशाला धर्मराजची बायको दैवशाला स्लॅबवरून पडली आणि जागीच गेली. स्लॅबला कठडा नव्हता, नाचताना पाय चुकला, असं सगळ्यांनी सांगितलं. धर्मराजनंही ते मानलं.

त्या नाचाची क्लिप शेजारच्या पप्पूनं मोबाईलवर काढली होती. तीत दैवशाला हसत होती. दिवस मावळताना काढलेली क्लिप, उजेड कमी, चित्र धक्के खात चालायचं. ती कडेजवळ गेली की धर्मराज क्लिप मागं घ्यायचा आणि तिचं हसणं पुन्हा बघायचा. त्याच्या पुढचं त्यानं कधी धडपणे बघितलंच नव्हतं.

मंठ्याला दिलेली लेक अर्पिता आष्टीला माहेरी आली ती टीव्हीला जोडायचा डबा घेऊनच.

“आबा, एवढुशा मोबाईलवर डोळे फोडून राह्यलेत तुम्ही. आईला मोठं करून दाखवते.”

“आन् मोठं? व्हती तेवढी तरी कुठं मला आवरत व्हती ती!”

अर्पिता हसली, डोळे पुसले आणि डब्याच्या सेटिंगमध्ये शिरली. “हा फ्रेम रेट. म्हंजे सेकंदाला किती चित्रं. पप्पूभाऊच्या क्लिपमध्ये लई कमी हायेत, म्हणून धक्के बसतात. मी साठवर टाकते. आन् हे अपस्केलिंग. बारकं चित्र मोठं करून साफ करतं.”

“कर बराबर.”

धक्के गेले. दैवशाला टीव्हीभर नाचू लागली. नाकातली फुलीसुद्धा दिसत होती. धर्मराजला क्लिप मागं घ्यायची आठवण राहिली नाही. दैवशाला कडेजवळ वळली. तिच्या मागं अंगद, धाकटा भाऊ, उजवा हात वर करून नाचत होता. तो हात खाली आला, सरळ पुढं गेला, उघडा पंजा तिच्या पाठीला लागला आणि ती स्लॅबवरून गेली.

“पुन्हा लाव.”

अर्पितानं पुन्हा लावलं. पंजा पुन्हा पाठीला लागला.

गेल्या साली बांधावरून भांडण झालं, तेव्हा दैवशालानं चारचौघांत अंगदच्या थोबाडीत मारली होती. “वहिनी, हे मी इसरणार न्हाई,” असं तो म्हणाला होता. धर्मराजला ते आता ऐकू आलं.

“आबा, थांबा, मला नीट बघू द्या.”

“मी बघितलं.”

दारामागं टिकावाचा दांडा होता. तो घेऊन धर्मराज गल्ली ओलांडून गेला.

अंगद म्हशीला कडबा टाकत होता. “ये भाऊ, चहा...” एवढंच त्याच्या तोंडून निघालं. पहिला दांडा खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर येताना त्यानं उजवा हात आडवा धरला. कोपराखाली हाड मोडल्याचा आवाज धर्मराजला स्पष्ट ऐकू आला, आणि त्याला बरं वाटलं. म्हणून त्यानं तिथंच पुन्हा मारलं. अंगद शेणात कोसळला. म्हैस दावं तोडायला लागली.

“ढकलली तिला! माझ्या बायकोला ढकललीस!”

“भाऊ, न्हाई रे...”

अंगदची बायको द्वारकाबाई धावत आली. थोरल्या दिरापुढं डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणारी ती बाई त्याच्या मनगटाला दातांनी लोंबकळली. त्यानं तिला झटकून गव्हाणीवर आपटलं. तिच्या ओठातून रक्त आलं. त्यानं दांडा पुन्हा उचलला, तेवढ्यात अर्पितानं मागून कंबरेला मिठी घातली.

“आबा, खोटं हाय ते! डबा खोटं दाखवून राह्यला!”

शेजारी धावले. दांडा हिसकायला चार गडी लागले. अंगदला जीपमध्ये घालून परतूरच्या दवाखान्यात नेलं.

रक्तानं माखल्या हातांनी धर्मराज टीव्हीपुढं बसला. अर्पितानं रिमोट घेतला.

“हे बघा. काकाचा हात पुढं येतो तव्हा मागचा लाईटीचा खांब बी वाकतो. लोखंडाचा खांब कसा वाकंल, आबा? दोन चित्रांच्या मधी जे न्हवतं, ते डब्यानं आपल्या मनानं भरलं. आता सगळं बंद करते. पप्पूभाऊनं काढलं तेवढंच बघा.”

चित्र पुन्हा धुरकट झालं. तिनं एकेक चित्र पुढं सरकवलं. एकात अंगदचा हात वर होता. पुढच्यात दैवशाला कडेच्या बाहेर कलली होती, तिचा पदर ताणला होता आणि पदराचं टोक अंगदच्या मुठीत होतं. त्याच्या पुढच्यात ती नव्हती. अंगद कडेला पालथा पडला होता, हात खाली लोंबत होता.

“मधी काहीच न्हाई,” अर्पिता म्हणाली. “आन् साफ करताना त्यानं मूठ उघडी करून टाकली. मीच लावली ती सेटिंग. माझ्याच हातानं.”

धर्मराज तसाच उठला आणि परतूरच्या गाडीत बसला.

दवाखान्याच्या दारातच द्वारकाबाई भेटली. तिचं डोकं उघडं होतं, ओठ सुजला होता. तिनं पायातली चप्पल काढली आणि लोकांदेखत त्याच्या तोंडावर मारली. मग दुसऱ्या गालावर. दम लागेपर्यंत मारत राहिली. त्यानं हात वर केला नाही.

आत अंगद खाटेवर होता. कोपरापासून बोटांपर्यंत पट्ट्या, त्यांतून रक्त झिरपत होतं.

“पदर व्हता तुझ्या मुठीत,” धर्मराज म्हणाला. “बोलला का न्हाईस?”

“काय बोलू? धरल्ती पर सुटली, आसं? तू रोज इचारलं आसतं, कशी सुटली म्हणून.”

“इचारलं आसतं.”

“मंग?”

द्वारकाबाई मागून आत आली. “डॉक्टर म्हणले, हा हात आता कामाचा न्हाई. मी पोलिसांत नाव दिलंय तुमचं. येऊन राह्यलेत ते.”

“द्वारके, पडलो म्हणून सांगू,” अंगद म्हणाला.

“एकदा पडली म्हणून सांगितलं, त्याचं काय झालं बघितलंत ना? आता जे झालं तेच सांगायचं. बिलकुल तेच.”

बाहेर गाडी थांबली. शिपाई आत आला आणि वही उघडून अंगदकडे वळला. धर्मराज मधे उभा राहिला.

“मला इचारा,” तो म्हणाला. “मीच मारलं. ह्यानं माझ्या बायकोला ढकललं न्हाई, ते आधी लिहा. ह्यानं तिला धरल्ती.”