अंडी फिरवायची नाहीत

काकूंचे हात डोक्याच्या आधी चालायचे. कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात त्यांनी बावीस वर्षं काढली होती, म्हणून तर दुर्मिळ प्राणी वाढवणाऱ्या या संस्थेने पक्ष्यांच्या अंड्यांसाठी त्यांना बोलावून घेतलं. पक्ष्याचं अंडं दिवसातून पाच वेळा फिरवावं लागतं, नाहीतर पिल्लू आत चिकटून मरतं. काकू हे झोपेतही करतील.

पण त्या दिवशी पहाटे कासविणीने चार अंडी घातली. या जातीचं कासव रानात कित्येक वर्षांत कुणाच्या दृष्टीस पडलं नव्हतं, आणि ही महामाया नऊ वर्षांनी एकदाची प्रसन्न झाली होती. डॉक्टरबाईंनी प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलने फुली मारली आणि बजावलं, "काकू, ही फिरवायची नाहीत. कासवाचं पिल्लू फिरवल्याने मरतं."

दुपारी काकूंनी सारसाची अंडी फिरवली, आणि त्याच झपाट्यात शेजारच्या उबवणीच्या पेटीतली कासवाचीही. झाकण लावताना पाहिलं तर एकाही अंड्यावर फुली दिसेना.

कुणी पाहिलं नव्हतं. गुपचूप परत सरळ करावीत म्हणून हात पेटीत गेलाही. पण हातांचं ऐकूनच तर ही वेळ आली होती. त्यांनी हात मागे घेतला आणि तडक डॉक्टरबाईंना गाठलं.

"मॅडम, घात झाला. मी फिरवली."

बाईंचा घास हातातच राहिला. "परत सरळ केली?"

"नाही. करणार होते."

"वाचलो!" बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी एकदा फिरली तर बहुधा निभावतं. तुम्ही सांगितलं नसतं आणि उद्या-परवा फुली दिसेना म्हणून मीच सरळ केली असती, तर चारही गेली असती." अंडी होती तशीच ठेवून त्यांनी वर आलेल्या बाजूला नव्या फुल्या मारल्या.

त्या 'बहुधा'ने काकूंना तीन आठवडे अन्न गोड लागलं नाही. नवरा म्हणाला, "अंडी कासविणीने घातलीत की तू?"

तीन आठवड्यांनी बाईंनी खोलीत अंधार करून अंड्यांना टॉर्च लावला. पहिलं नुसतंच पिवळं. काकूंनी डोळे मिटले.

"हे फळलंच नव्हतं, तुमचा दोष नाही. डोळे उघडा."

दुसऱ्यात लाल शिरांचं जाळं होतं. तिसऱ्यातही. चौथ्यात तर एक लाल ठिपका, पिल्लाचं काळीज, टुणटुण उडत होता. काकू स्टुलावर बसल्या आणि मनसोक्त रडल्या. कित्येक दिवसांनी छाती भरून श्वास आला.

बाईंनी कासवांच्या पेटीची किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"मला? अहो मॅडम, माझ्या हातांचा काय भरवसा?"

"हातांचा नाहीच," बाई हसून म्हणाल्या. "तुमच्या तोंडाचा आहे. चूक झाली तर तासाभरात मला कळेल."