तीन बाटल्यांचा फ्रीज

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. माझा रंग एके काळी फिकट निळा होता. आता तो कोणता म्हणायचा यावर घरात एकमत नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की शेवटी ‘आम्हाला टाकू नका’ म्हणून गळा काढतात. मी गळा काढणार नाही. उलट ‘मला बंद करा’ हेच मला कित्येक दिवस ओरडून सांगायचे होते. पण फ्रीजला घरघर करण्यापलीकडे बोलता येत नाही.

कारखान्यात माझा पत्रा वाकवला गेला, पाठीला काळी जाळी लागली, नळ्यांत गॅस भरला आणि खाली मोटर बसली. पुढे दुकानात मी बरेच दिवस ताटकळत उभा होतो. लोक यायचे, दार उघडून बघायचे आणि निघून जायचे. मग एक दिवस आत्या आली. ती शिवणकाम करते. घरीदारी सगळे तिला आत्याच म्हणतात. तिने माझे दार पुन्हा पुन्हा उघडले, लावले, शिवण तपासावी तशी रबराच्या कडेवरून बोटे फिरवली आणि म्हणाली, “हाच द्या.”

आमच्या मजल्यावर मी पहिलाच फ्रीज, त्यामुळे माझा थाट विचारू नका. शेजारच्या मास्तरांचे इन्सुलिन माझ्या दारात असे. कोणाच्या मुलाला ताप चढला की पट्ट्यांसाठी बर्फ माझ्याकडून जाई. आत्याची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिची औषधेही मीच सांभाळली. औषध काढून झाले की आत्या माझ्या दारावर हलकीच थाप मारायची. त्या थापेसाठी मी उन्हाळ्यातही जीव तोडून राबत असे.

वर्षे गेली. दाराचे रबर सैल पडले, म्हणून आत्याने इलास्टिकचा पट्टा शिवून मला बांधला. कंबरपट्टा घातलेला फ्रीज तुम्ही पाहिला नसेल. थंडावा बाहेर पळायचा आणि तो भरून काढायला मला कितीतरी जास्त वीज लागायची.

त्याच सुमारास भाचीने घरात मोहीम उघडली. भाची म्हणजे आत्याच्या भावाची मुलगी. कॉलेजात शिकणारी आणि एकदा मनावर घेतले की मागे न हटणारी. “आपण वापरतो ती वीज कुठेतरी कोळसा जाळून येते आणि त्या धुराने हवा तापत चालली आहे,” ती म्हणाली. “धूर इथे दिसत नाही, म्हणून तो आपला नाही असं थोडंच आहे?” मग तिचे बाबा जवळच्या कामांना स्कूटर सोडून चालत जाऊ लागले. आईने उरलेले अन्न संपल्याशिवाय नवे शिजवणे बंद केले. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की भाचीची हाक ऐकू येई. आणि थोडक्या विजेत चालणारा एक छोटा नवा फ्रीज घरात आला.

मला वाटले, सुटलो. पण कसचे काय! “अजून चालतोय की चांगला,” आत्या म्हणाली आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. तीही चालू स्थितीत. माझ्या पोटात पाण्याच्या तीन बाटल्या होत्या आणि सुकलेले अर्धे लिंबू. दुपारभर पाठीवर ऊन यायचे आणि मोटर काही थांबायची नाही. आत सगळेजण दिवे बंद करत फिरत होते आणि ते वाचवत होते ती वीज इकडे मी एकटा फस्त करत होतो. मला फार वाईट वाटायचे.

मोहीम जोरात, पण विजेचा वापर काही कमी होईना. शेवटी एका रविवारी सकाळी भाचीने घरातले एकूण एक बटण बंद केले, नवा फ्रीजसुद्धा, आणि सगळ्यांना मीटरपाशी नेले. गॅलरीतला मी तिच्या ध्यानातच आलो नव्हतो. मीटरचा लाल दिवा लुकलुकतच होता.

“सगळं बंद आहे ना? मग हा कोणासाठी चालू आहे?” बाबा म्हणाले.

हीच संधी होती. मी होता नव्हता तेवढा जोर लावून घरघरलो. भाची गॅलरीत आली आणि तिने माझे दार उघडले.

“आत्या, हा तीन बाटल्यांसाठी दिवसरात्र राबतोय गं.”

आत्या मध्ये येऊन उभी राहिली. “त्याला हात लावायचा नाही. जुनं झालं की गॅलरीत आणि गॅलरीतून भंगारात. आज तो, उद्या मी. माझीही मान दुखते हल्ली मशीनवर बसलं की.”

“ताई, तुम्ही काय वस्तू आहात का?” भाचीची आई म्हणाली.

भाची तिथेच जमिनीवर बसली. “तू नाही म्हणालीस तर नाही. पण तू ह्याला कशासाठी आणलं होतंस?”

“आईच्या औषधांसाठी.”

“आणि आता?”

आत्याने आत पाहिले. बराच वेळ पाहिले. “हे लिंबू कोणाचं आहे?” तिने विचारले. कोणीच कबुली दिली नाही.

दुपारी ती एकटी आली. तिने माझ्या पाठीच्या जाळीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. “एवढा तापतोस?” ती पुटपुटली. “बास झालं रे आता.” आणि तिने स्वतःच्या हाताने प्लग काढला. माझी मोटर एकदा थरथरली आणि थांबली.

दुसऱ्या दिवशी फ्रीज दुरुस्तीवाला आला. “नळी कापतो, गॅस जाईल उडून. एवढ्याशा गॅसचं काय!” तो म्हणाला. हा गॅस मोकळा सुटला की हवा धुरापेक्षा कितीतरी जास्त तापवतो, हे आत्याने भाचीकडून नीट समजून घेतले होते. ती माझ्यासमोरून हलली नाही.

“उडून जाणार कुठे? आपल्याच डोक्यावर ना? भरून न्या.”

तो कुरकुरत परत गेला आणि गॅस ओढून घेणारे मशीन व टाकी घेऊन आला. माझा सगळा गॅस त्याने टाकीत भरून नेला. जाताना, खेळताना कोणी मूल आत कोंडले जाऊ नये म्हणून, दाराचे रबरही काढून दिले.

आता मी आत्याच्या खोलीत असतो. अंड्यांच्या खाचांत दोऱ्याची रिळे बसली आहेत. बर्फाच्या कप्प्यात बटणे आहेत आणि इन्सुलिनच्या जागी कात्री. त्या महिन्यात मीटरचा आकडा खाली आला, तेव्हा भाचीने तो सर्वांत आधी आत्याला दाखवला.

मित्रांनो, आज घरी गेलात की सगळी बटणे बंद करा आणि मीटरपाशी उभे राहा. दिवा लुकलुकत असेल तर कान द्या. कोपऱ्यात कोणीतरी तीन बाटल्यांसाठी राबत असेल. ते आवडते असेल तर त्याला दुसरे काम द्या. पण बंद मात्र करा, आणि आजच करा.

आत्या कात्री काढते, दार लावते आणि अजूनही थाप मारते. त्या थापेला वीज लागत नाही.